दादाचा मुका ॲम्प्लिफायर

वहिनीच्या नंबरावरून मला कधी फोन यायचाच नाही. फोन लावायचा दादाने, घरचं, दारचं, गुडघ्यांचं सगळं बोलायचं दादानेच, आणि शेवटी "घे, वहिनीशी बोल" म्हणून तिच्या हातात द्यायचा. ती "बरी आहेस ना गं?" एवढं विचारून फोन परत त्याच्याकडे देई. म्हणून त्या दुपारी चेंबूरच्या घरी मेथी निवडत बसले असताना मोबाइलवर वहिनीचं नाव दिसलं, तेव्हा मी मेथीच्या हातानेच फोन उचलला. "मंदा... अगं, हे जेवून जरा पडले होते... उठलेच नाहीत." मुलुंडपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की दादाच्या हॉलमध्ये शिरले तेव्हा पडदे ओढलेले होते. रविवार होता, आणि रविवारी दुपारी त्या घरात पडदे सिनेमासाठी ओढले जात. क्षणभर मला वाटलं, आता सुरू होईल...

माझा मोठा भाऊ, चंद्रकांत, औषधांच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचा. विजेच्या वस्तूंशी त्याचा संबंध बल्ब बदलण्यापुरता. तरी त्याचा मुलगा निनाद शाळेत असताना एके दिवशी त्याने घरात होम थिएटर आणलं. काळा, जडशीळ ॲम्प्लिफायर, पाच स्पीकर आणि दणका देणारा एक खोका. "दादा, माणसांना बसायला जागा ठेवली आहेस का रे?" मी विचारलं. "तू खोक्यावर बस, मंदे. तेवढाच दणका जास्त," तो म्हणाला. ॲम्प्लिफायरवर वहिनीने विणलेला रुमाल घातला, तर हा तो रोज काढून ठेवी, कारण त्याला गरम होतं म्हणे. घरात एवढी काळजी फक्त त्या डब्याची घेतली जायची, असं मी तोंडावर म्हणत असे. पण बहुतेक रविवारी मी तिथे असायचे, आणि पडदे ओढून तो सुरू झाला, की माझीही बडबड थांबायची. हिरव्या पडद्यांतून झिरपणारा उजेड, पाठीमागून येणारी पाखरांची किलबिल, सोफ्याखालून गेल्यासारखी वाटणारी घोडागाडी... मुलुंडमधली ती छोटीशी खोली कुठल्या कुठे जायची. दार उघडून बाहेर आलं, की जिन्यातला उजेडही थोडा वेळ परका वाटायचा.

मग एका रविवारी त्या डब्याचा आवाज गेला. म्हणजे सगळा नाही. जवळची सीडी लायब्ररी बंद होत होती, तिथून दादाने एक परदेशी सिनेमा स्वस्तात विकत आणला होता, हिंदीत डब केलेला. समुद्रकाठचं घर, त्यात म्हातारा-म्हातारी. लाटा ऐकू येत होत्या, चमच्यांची किणकिण ऐकू येत होती, वाऱ्याने खिडकी आपटत होती, फक्त माणसं बोलत नव्हती. ओठ हलत, शब्द नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दादा गंभीरपणे म्हणाला, "परदेशी सिनेमा असाच असतो. सगळं न बोलता सांगायचं." शेजारच्या कुलकर्णीकाकांनी मान डोलावली. आम्ही अख्खा सिनेमा तसाच पाहिला, आणि खोटं कशाला सांगू, शेवटी मी पदराने डोळे पुसले. पुढच्या रविवारी एक हाणामारीचा हिंदी सिनेमा लावला. कोर्टात उभा राहून हिरो हातवारे करतोय, तोंड एवढं मोठं उघडतोय, आणि ऐकू येतोय तो फक्त छतावरचा पंखा! तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. टीव्हीखालचा मधला स्पीकर, ज्यातून माणसांचं बोलणं येतं, त्याला आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायरमधला भाग गेला होता. आठवडाभर दादाने कुलकर्णीकाकांना तोंड दाखवलं नाही. वहिनी तर हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली. तिला इतकं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर सुरू झालं दादाचं दुरुस्त करू की नवीन घेऊ. घाटकोपरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं, या मॉडेलचा तो भाग आता बनत नाही, कुठे जुना मिळाला तर बसवू. तोवर एक सेटिंग बदलून बोलणं बाजूच्या स्पीकरांतून आणता येईल, असंही त्याने दाखवलं. ते दादाने घरी करून पाहिलं आणि लगेच बंद केलं. बाजूच्या खुर्चीत बसलं की हिरो पडद्यावर आणि आवाज कपाटातून, हे त्याला पटेना. बंगळुरूहून निनाद फोनवर सांगायचा, "बाबा, फेका ते. साउंडबार घ्या, एक पट्टी, विषय संपला." मीही तेच म्हणायचे, जरा जास्त जोरात. दादाचं उत्तर ठरलेलं, "बघू या." नवीन घ्यायचा तर जुन्यात खोट काय, बाकी सगळं तर झकास वाजतंय. दुरुस्त करायचा तर परत बिघडणार नाही कशावरून? असा तो मध्येच लोंबकळत राहिला आणि रविवार येत राहिले.

आणि त्या रविवारांत, कुणी न ठरवता, दादा पडद्यावरच्या माणसांसाठी बोलायला लागला. त्या समुद्रकाठच्या म्हाताऱ्याला त्याने मालवणी केलं. जेवणाच्या टेबलावरचा एक लांबलचक प्रसंग होता. म्हातारा बोलतोय, म्हातारी खिडकीबाहेर बघतेय. दादा म्हणाला, "अगो, माझ्यावर रागावलंस काय?" आम्ही हसलो. पडद्यावरच्या म्हातारीचे ओठ हलले, आणि सोफ्याच्या टोकावरून वहिनीचा आवाज आला, "रागावतलंय कशाक? माका काय तुमची सवय नाय?" मी वळून बघितलं. लग्न झाल्यापासून पाहुण्यांसमोर चार वाक्यं न बोललेली माझी वहिनी पडद्याकडे बघत शांतपणे बोलत होती. मग ते दोघांचं होऊनच बसलं. दुसरे सिनेमे मागे पडले, तोच एक पुन्हापुन्हा लागू लागला. दर वेळी बोलणं थोडं वेगळं. कधी म्हातारा गावच्या आंब्याचं विचारी, कधी म्हातारी म्हणे, "माका एकदा तरी नाटकाक नेतास काय?" आणि सोमवारी दादा खरंच नाटकाची तिकिटं काढून यायचा. समोरासमोर आयुष्यात न बोललेलं ती दोघं त्या परक्या माणसांच्या तोंडी घालून बोलत होती. मी जांभई देत लाटा ऐकत असायचे आणि त्यांचं बोलणं अर्धवट झोपेत कानावर पडायचं. इतकं सुख मला देवळातही मिळालं नाही.

तेरावं झालं. निनादने निघण्याआधी विषय काढला. "आई, मी नवीन मागवून जातो. तू टीव्ही तरी बघशील नीट. आत्या, सांग ना तिला." मी सांगितलं. नेहमीप्रमाणे जोरात सांगितलं. वहिनी ॲम्प्लिफायरवरची धूळ पदराने पुसत होती. ती म्हणाली, "आधी आवाज विसरायला होतो गं. फोटो आहेत यांचे ढीगभर. आवाज नाहीये कुठे. या डब्यातून दुसरं कुणी बोलायला लागलं, की माझ्या कानातला जाईल." निनाद उठून गॅलरीत गेला.

तरी पुढच्या आठवड्यात तिचाच फोन आला. तिनेच लावलेला. "घाटकोपरला येतेस? दुरुस्तीवाल्याचा फोन आला होता, तो भाग मिळालाय." तिच्या मनात काय आहे ते मला कळेना. रिक्षात तो डबा आम्ही दोघींनी मांडीवर धरला होता. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या एका बंद पडलेल्या सेटमधून भाग काढून ठेवला होता. तो म्हणाला, "ताई, बसवतो, पण जास्त दिवस चालेल असं नाय बोलणार. दादांना पण बोललो होतो, नवीनच घ्या. काय करू?" वहिनीने काउंटरवरच्या सुट्या तारा बाजूला सारल्या आणि डबा पुढे सरकवला. मग म्हणाली, "बसवा. मला एकदा ऐकायचंय, ती दोघं खरं काय बोलत होती."

घरी आणून जोडला, पडदे ओढले, सिनेमा लावला. लाटा आल्या, चमचे किणकिणले... आणि मधल्या स्पीकरमधून घोगऱ्या हिंदीत म्हातारा बोलला. आम्ही दोघी दचकलो. टेबलावरचा तो प्रसंग आला. म्हातारा म्हणत होता, या घराने आणि तुझ्या स्वभावाने माझं आयुष्य नासवलं, घर विकून टाकतो, तू तुझ्या बहिणीकडे जा. म्हातारी म्हणत होती, लग्नाच्या दिवशीच मला कळलं होतं की चूक झाली. एकेक वाक्य असं, की मी हातातला चहा खाली ठेवला. वहिनी कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई, ही तर भांडत होती! आणि आम्ही दोघं..." तिला हसू फुटलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. मी तिच्याजवळ सरकले आणि तिच्याबरोबर रडले. दादा गेल्यावर मी तशी रडले नव्हते.

डोळे पुसून ती उठली, टेबलामागे वाकली आणि मधल्या स्पीकरची तार उपसून काढली. "आमचाच बरा होता," ती म्हणाली. "मागे घे जरा." मी मागे घेतला. पुन्हा तेच टेबल, तीच खिडकी, आणि बोलणं नाही. म्हातारीचे ओठ हलले तशी वहिनी म्हणाली, "आज जेवलास नाय नीट. बरा वाटत नाय काय?" मग म्हातारा बोलू लागला. त्याचे ओठ हलत होते आणि खोलीत फक्त समुद्र होता. ती शांतता मला सोसेना. काहीतरी बोलून ती भरून काढावी म्हणून मी तोंड उघडलं, तर वहिनीने पडद्यावरची नजर न काढता माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब गं," ती म्हणाली. "ते बोलतायत."