पाळण्याच्या कडीला ख्रिसमसचं झाड

शाळा सोडल्यापासून लिहायची सवय नाय, चुकलं तर माफ करा. एका बोटानं टाईप करतीय.

इथं छावणीत, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, शेजारच्या आंटीच्या ख्रिसमसच्या झाडावर आज माझी मांजर चिंगी चढली अन् काचेचा गोळा फोडला. आंटी म्हणल्या, "अजून एक फुटला तर तुझी मांजर दौलताबादला सोडून येईन बघ!"

मला रडूच आलं. तेवढ्यात त्यांच्या छताला पाळण्याची कडी दिसली. मी हळूच म्हणलं, "आंटी, झाड तिथं टांगायचं का?"

"येडी का गं तू?" म्हणत त्यांनीच दोरी आणली.

आता झाड हळूहळू झुलतंय, भिंतीवर रंगीत उजेड फिरतोय. चिंगी खाली बसून नुसती बघतीय. आंटी दोरी ओढत अंगाई गुणगुणतायत, त्यांचं पोरगं तर कवाच मोठं झालं.

तुमच्या घरातली कडी रिकामीच हाय का?

अय्यो, नळाला पाणी आलं!