बसच्या काचेतून दिसलेला मळा

सिंगापूरला, टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकखालच्या बाकावर एक मराठी आजोबा रोज बसायचे, छत्रीची एकेक पाकळी सारखी करत. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा तिथेच उभी राहून मी बहिणीला फोनवर इटलीचा बेत सांगत होते: चार दिवस फ्लोरेन्स, त्यातच दोनदा आसपासची खेडी, आणि पुण्याहून आईही येतेय.

फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आम्हीही गेलो होतो. हिचं माहेर नाशिककडचं, घरची द्राक्षबाग. तिकडे वेल कसे छाटतात ते तिला जवळून बघायचं होतं. मळे बसच्या काचेतूनच दिसले. थांबवा, असं मीही म्हटलं नाही."

त्यांनी छत्रीचा पट्टा लावला.

"तुमच्या आईंना काय बघायचंय?"

आईला मी फक्त तारखा कळवल्या होत्या, आणि स्वेटर घे म्हटलं होतं.