चौदा फुटी नाव

शटर खाली येता येता नावेच्या मागच्या फळीवर टेकलं आणि थांबलं. मी म्हटलं, अजून ढकला. चौघा हमालांनी जोर लावला. आतून ठण् असा आवाज आला. ट्रेलरचा हूक गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागला होता. पुढे भिंत, मागे शटर आणि आठ इंच नाव बाहेर.

"तुम्ही तर बसेल म्हणाला होतात, मॅडम," सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले.

हे गृहस्थ सकाळपासून हाताची घडी घालून समोर उभे होते. त्याआधी एकदाच बोलले होते. "आपल्याकडे पाणी टँकरने येतं, आणि रामटेके नाव आणतायत. छान."

मी सिव्हिल इंजिनियर. मोठ्या बिल्डिंगा मी बांधत नाही. लोकांच्या बांधून झालेल्या घरांत फेरफार करते. बाल्कनी आत घेणे, जिना हलवणे, गळती शोधणे. सत्तावीस वर्षं हेच. या कामात पहिला नियम एकच आहे: दुसऱ्याने दिलेलं माप घ्यायचं नाही, स्वतः टेप लावायची. हाताखालच्या मुलींना मी हे इतक्या वेळा सांगते की त्या माझ्या पाठीमागे माझीच नक्कल करतात. आणि त्या रविवारी कात्रजच्या त्या गल्लीत, सगळ्यांसमोर, मीच तोंडावर आपटले होते.

रामटेके काका खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. मूळचे भंडाऱ्याकडचे, वैनगंगेच्या काठचे. फॅक्टरीत ते पॅटर्न शॉपला होते. धातूचा भाग ओतायच्या आधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करतात, तो पॅटर्न. एक मिलिमीटर इकडे तिकडे झाला की माल रिजेक्ट करणारा माणूस. त्यांनी फोनवर "जय भीम मॅडम" म्हणून सुरुवात केली आणि दोन मिनिटांत काम सांगितलं. वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने केलेली लाकडी नाव आहे, ट्रेलरवर. वाघोलीत एका जुन्या सहकाऱ्याच्या शेडमध्ये ठेवली आहे. शेडची जागा बिल्डरने घेतली, आठ दिवसांत नाव हलवायची. रो-हाऊसच्या गॅरेजला मोठं शटर आणि चढायला रॅम्प करून द्या.

"आणि नाही बसली तर?" मी विचारलं होतं.

"पानशेतकडे एक रिसॉर्टवाला मागून राहिला. लॉनवर ठेवून आत झेंडू लावणार म्हणतो. लोक फोटो काढतील." मग जरा थांबून म्हणाले, "नको ना जी तसं."

त्यांनी मला ड्रॉइंग दिलं. आणि काय ड्रॉइंग. ट्रेसिंग पेपरवर, शाईने, अक्षर कोरल्यासारखं. नाव चौदा फूट. तिच्या नाकापुढे ट्रेलरचा दांडा दीड फूट, टोकाला गाडीला जोडायचा हूक. एकूण साडेपंधरा. गॅरेज आतून सोळा फूट. सहा इंच शिल्लक. कात्रजहून वाघोली म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हटलं, पॅटर्न शॉपचा माणूस आहे, याच्या मापाला कशाला टेप लावायची. शटर बसवलं, रॅम्प केला, आणि सांगितलं, आणा.

आता हमालांना चहाला पाठवून मी टेप काढली. नाव पंधरा फूट दोन इंच भरली. मी पुन्हा मोजली. तेवढीच.

"काका, ड्रॉइंग चुकलंय."

"ड्रॉइंग नाही चुकलं," काका म्हणाले. एवढंच. चेहरा असा की मला पुढे विचारवेना.

सेक्रेटरींनी बुधवार सकाळपर्यंत मुदत दिली. पाण्याचा टँकर बरोबर काकांच्या घरासमोर वळतो, बाहेर आलेले आठ इंच त्याला नडणार. रिसॉर्टवाल्याचा फोन त्याच दुपारी येऊन गेला. तो बुधवारी दुपारी गाडी पाठवायला तयार होता.

मग मी सगळे उद्योग केले. तिरकी घालून पाहिली, तर मागच्या कोपऱ्यात कॉलम नऊ इंच पुढे आलेला. उलटी घालावी, तर हूक शटरमधून बाहेर राहणार, म्हणजे टँकरचं दुखणं तिथेच. शटर पुढे सरकवावं, तर समोर ड्रेनेजचं चेंबर. सोमवारी खडकीहून काकांच्या ओळखीचा फॅब्रिकेटर आला. दांड्याला बिजागरी लावून तो दुमडता येईल का, हे त्याने बराच वेळ वाकून पाहिलं आणि मान हलवली. नाव जिथे बांधतात तो खांब दांड्यावरच उभा. त्याच्या पुढे उरलेल्या जागेत हूक आणि बिजागरी बसवली तर वाचतात पाच इंच. आम्हाला हवे होते आठ, वर शटरला श्वास घ्यायला दोन. मी हात टेकले.

राहिली मागची भिंत. ती सहा इंची विटांची, नुसती आडोशाची. घराचा भार बीम-कॉलमवर असतो, असल्या भिंतीवर नसतो. तिच्यात दांड्याच्या उंचीवर फूटभर चौकोनी भोक पाडलं, तर हूक भिंतीतून पलीकडे चार इंच निघेल आणि शटर खाली येईल. साधं काम, दिवसभराचं. मी विचारलं, भिंतीपलीकडे काय आहे?

काकूंनी दार उघडून दाखवलं.

खोलीत एक पलंग होता, भिंतीला लांबीने चिकटवलेला. चादर ताणून घातलेली, उशीला कोरा अभ्रा. टेबलावर कंपास बॉक्स, पट्टी, पेनांचा डबा. धूळ म्हणाल तर कणभर नाही. मला वाटलं, कोणी पाहुणे येणार असतील.

"कोण येतंय?"

"प्रज्ञाची खोली आहे," काकू म्हणाल्या. "मुलगी. कॅनडात असते. दर शनिवारी चादर बदलते मी."

"कधी येणार आहे?"

"जमलं तर दिवाळीत."

काका खिडकीबाहेर बघत होते.

मी भोकाचं सांगितलं. गॅरेजची जमीन खोलीपेक्षा फूटभर खाली आहे, त्यामुळे हूक या बाजूला जमिनीपासून जेमतेम सहा इंचांवर निघेल, पलंगाखाली, दिसणारसुद्धा नाही. कागदावर काढून दाखवलं. काकूंनी कागदाकडे बघितलंही नाही.

"ही खोली सोडा. हवं तर माझं किचन तोडा."

"अगं, पलंगाखाली..." काका म्हणाले.

"तुम्ही तुमच्या नावेचं बघा. द्या त्या रिसॉर्टला. नाव काय करायची आहे? वल्हवायला कोण आहे? पोरगी आली, आणि तिला दिसलं की आईबापांनी माझ्या खोलीची भिंत फोडली, गॅरेज केलं खोलीचं, तर काय वाटेल तिला? की आता माझी वाट बघणं सोडलं यांनी."

त्या आत निघून गेल्या. आवाज चढला नव्हता, पण मला उभं राहायला जागा उरली नाही. असल्या वेळी आपलं सामान आवरून निघावं, हेही अनुभवाने कळतं.

बाहेर काका म्हणाले, "सहा वर्षं झाली मॅडम. तिकडे घर घेतलं तिनं. हिलाही माहीत आहे. पण चादर बदलते."

मंगळवारी सकाळी मी खरं तर हिशोब मिटवायला गेले. मनात ठरवलं होतं, काकांना सांगायचं, देऊन टाका. काका गॅरेजमध्ये नावेत बसले होते. वाळलेलं वंगण लागलेला एक फडका घेऊन आतल्या फासळ्या पुसत होते. नावेला आतून आडव्या लाकडी पट्ट्या असतात, त्यांवर बाहेरची कातडी, म्हणजे प्लायवूड, बसतं. त्या फासळ्या.

मला राहवलं नाही. मी टेप काढून दोन फासळ्यांमधलं अंतर मोजलं. बारा इंच. ड्रॉइंगवरही बाराच. मग चुकलं कुठे? फासळीची जाडी बघितली. एक इंच. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

याला आम्ही सेंटर टू सेंटर म्हणतो. बारा इंचांवर फासळी म्हणजे एकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत बारा. नवखा माणूस काय करतो, एकीच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत मोकळे बारा इंच सोडतो. लाकडाची जाडी धरायची विसरतो. दर फासळीमागे एक इंच वाढतो. चौदा फासळ्या, चौदा इंच.

"काका, ही चूक तुमची नाही. तुम्ही अशी चूक करणार नाही."

काका पुसायचे थांबले.

"दहावीची सुट्टी होती तिची," ते म्हणाले. "खडकीच्या क्वार्टरमागे, मोकळ्या जागेत. मला म्हणाली, बाबा, फासळ्यांची आखणी मी करणार, तुम्ही हात लावायचा नाही. मी ड्युटीवर जायचो, ही दिवसभर उन्हात बसून आखायची. तिसऱ्या फासळीला मला दिसलं. पट्टी कुठे लावते ते."

"मग?"

"मग काय. आयुष्यभर दुसऱ्यांचे पीस रिजेक्ट केले मॅडम. तिचा नाही झाला माझ्यानं. पुढचं सगळं त्या मापाने जुळवून घेतलं. प्लाय वाढवून आणलं, नाकाचा बाक बदलला. रात्रपाळी घेतली त्यासाठी, ती झोपली की हिशोब करायचो. ड्रॉइंग तसंच ठेवलं, बदललेलं तिनं पाहिलं तर कळेल म्हणून. सगळ्यांना चौदा फूट सांगितलं. वीस वर्षं सांगून राहिलो. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं. तुम्हाला ड्रॉइंग दिलं तेव्हा शप्पथ, आठवलंच नाही."

"तिला माहीत आहे?"

"नाही. धरणावर पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा म्हणाली, बाबा, एक इंच चुकला नाही बघा माझा." काका हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "आली की सांगणार आहे. समोर बसवून, नावेत. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही."

मी टेप उगाच बाहेर ओढली आणि आत सोडली.

दारात काकू उभ्या होत्या. हातात दोन कप. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे, चहावर साय धरली होती. त्यांनी कप ट्रेलरच्या चाकावर ठेवले, नावेजवळ आल्या आणि एका फासळीवर हात ठेवला. मग दुसरीवर. तिथल्या प्लायवर पेन्सिलची रेघ अजून होती, शेजारी तिरक्या अक्षरात आकडा.

"हिचाच सात आहे हा," त्या म्हणाल्या. "मधे रेघ मारायची सवय तिला." मग काकांकडे वळल्या. "वीस वर्षं मला बोलला नाहीत."

"तू तिला सांगितलं असतंस."

"असतंच सांगितलं."

मग काकूंनी मला विचारलं, "केवढं भोक म्हणालात?"

"फूटभर. चौकोनी."

"पलंग कायमचा हलवायचा नाही. काम झालं की होता तिथेच आला पाहिजे. आणि टेबलावर धूळ उडता कामा नये."

मी टेबल, पलंग, पुस्तकं, सगळं प्लास्टिकने बांधून काढलं. मिस्त्रीला म्हटलं, हातोडा बंद, कटरनेच काप, पाणी मारत. भोकाच्या वर छोटा लिंटेल टाकला. भोकावर जे आडवं टेकण असतं, वरच्या विटा खाली बसू नयेत म्हणून, तो लिंटेल. दांड्याभोवती रबराची शीट बसवली, उंदीर येऊ नयेत म्हणून. काकांनी संध्याकाळपर्यंत सागवानाचं एक बूच करून ठेवलं, नाव कधी बाहेर काढली तर भोकाला लावायला. अर्थातच ते पहिल्या खेपेला बसलं.

बुधवारी सकाळी सात वाजता चौघांनी नाव ढकलली. हूक भोकातून गेला. शटर खाली आलं, फळीच्या मागे दोन इंच सोडून, जमिनीला टेकलं. माझा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरींनी शटरकडे बघितलं, टँकरकडे बघितलं आणि म्हणाले, "हं." पुण्यात याला अभिनंदन म्हणतात. रिसॉर्टवाल्याला काकूंनी स्वतः फोन करून सांगितलं की झेंडू दुसरीकडे लावा.

दिवाळी झाल्यावर मी एकदा गेले होते, लिंटेलखाली तडा गेला नाही ना बघायला. प्रज्ञा आली नव्हती. नवीन नोकरी, रजा नाही. असं काकांनी सांगितलं. खोलीत चादर ताणलेली होती, अभ्रा कोरा. मी टॉर्च घेऊन पलंगाखाली वाकले. भिंत ठीक होती. हूकवर काहीतरी लाल दिसलं. लोकरीची जुनी कानटोपी होती, लहान मुलीची, हूकवर घट्ट ओढून खालून नाडीने बांधलेली.

"गंजू नये म्हणून का काकू?"

"छे हो. तिला चपला पलंगाखाली ढकलायची सवय आहे. मग न बघता हाताने चाचपत बसते. लोखंड आहे ते. लागेल तिला."

मी टॉर्च बंद केला. तडा नाही, असं डायरीत लिहिलं आणि निघाले.

हाताखालच्या मुलींना मी अजूनही तोच नियम सांगते, दुसऱ्याने दिलेलं माप घ्यायचं नाही. ड्रॉइंग कितीही सुबक असो, टेप लावा. काढणाऱ्याला मुलगी असू शकते.