झोपेत चालणारे हात

बाबा झोपेत हात चालवायला लागले तेव्हा आम्ही हसलो, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी तोंडावर मारलेलं मला खपणार नाही.

साल पंच्याऐंशीच्या आसपासचं. बाबा तेव्हा भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात मेहताजी होते, म्हणजे माल तपासणारे कारकून. त्याआधी दहा वर्षं त्यांनी स्वतः लूम चालवला होता. शुक्रवारी कारखाने बंद. एरवी दिवसरात्र खडखडणारं गाव त्या दुपारी चिडीचूप असायचं आणि नेमके तेव्हाच, जेवून आडवे झालेले बाबा ओरडायचे, "पकड! पकड साले को!" डोळे मिटलेले, दोन्ही हात हवेत, बोटं भराभर काहीतरी ओढतायत. उठवलं की म्हणायचे, कुत्रं मागे लागलं होतं. दर वेळी कुणीतरी मागेच लागलेलं. जागेपणी मात्र माणूस इतका गरीब की मांजरालासुद्धा "सरक गं बाई" म्हणणार.

शेजारची चाची म्हणाली, "अरे, पूरी भिवंडी नींद में तार जोड़ती है! मेरे वाले भी." झालं! तार म्हणजे लूमवर सारखा तुटणारा धागा. आमच्या गावात झोपेत हात हलले की ते लूमपायीच, दुसरं काही असूच शकत नाही. आईलाही ते पटलं. एकदा त्यांचा ठोसा बसून तिचा डोळा काळानिळा झाला, तर विचारणाऱ्यांना तिने बेधडक सांगितलं, "नळावर पडले." मग तिने आपलं अंथरूण मोरीपाशी नेलं. डॉक्टरकडे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. झोपेचा कुठे मेला डॉक्टर असतो?

दहा वर्षं गेली. कापडाच्या ताग्यावर बाबा पेन्सिलीने मीटर लिहायचे, ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं. शेठने आधी चष्मा बदलायला सांगितलं, मग घरी बसायला. चेहऱ्यावरचं हसू-रडू सगळंच गेलं. एका सकाळी ते आईला म्हणाले, "माळ्यावर पोरं बसलीत, त्यांना चहा दे." माळा रिकामा होता. आईने मुकाट्याने आधण ठेवलं आणि तिथेच रडायला लागली. बाबांचं डोकं हातचं चाललं होतं आणि आम्ही नुसते बघत होतो.

ठाण्याच्या डॉक्टरांनी सगळं सोडून आधी झोपेचंच विचारलं. स्वप्न पडताना शरीर आपोआप जखडलेलं असतं, म्हणाले. ते सुटायला लागलं, तर कधीकधी मेंदूचा आजार आत सुरू झालेला असतो, बाहेर दिसायच्या कितीतरी वर्षं आधी.

"झोपेत नक्की काय करायचे?"

आईने माझ्याकडे बोट केलं. शेवटी मीच उठले. हात वर केले, बोटं ओढली, "पकड साले को" म्हणून ओरडले. अगदी हुबेहूब जमलं, कारण घरी पाहुण्यांना हसवायला मी ते शंभरदा करून दाखवलं होतं.

बाबा समोरच्या खुर्चीतून बघत होते. कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. डॉक्टरांकडे वळून ते म्हणाले, "ही झकास करते हो. कुणाची मुलगी?"