खिडकीकडची बाजू

मानसोक कुणाच्याही घरी गेला की आधी मोजे काढायचा. बूट तर जोंगसोनच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यात सगळेच दाराबाहेर काढतात; मोजे काढणारा तो एकटाच. अनवाणी पायांनी तो खोलीभर हळूहळू फिरे, मध्येच थांबे, टाच टेकवी आणि मग घरधन्याला सांगे, "इथं पाणी पोचत नाहीये."

जमिनीखालची ऊब हे त्याचं आयुष्यभराचं काम. तो लहान असताना खोलीच्या फरशीखाली कोळशाच्या वड्या जळत. फरशीला तडा गेला की त्यातून वायू वर येई. न दिसणारा, वास नसलेला. त्याची धाकटी बहीण अशीच एका थंडीत झोपली ती उठलीच नाही. तडा केसाएवढा होता. तेव्हापासून जमिनीकडे तो जरा संशयानंच बघत आला. पुढे खाणी बंद पडू लागल्या, बॉयलर आले, फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालायच्या आणि वर कोबा करायचा असा काळ आला, तेव्हा खोऱ्यातल्या निम्म्या घरांतल्या जमिनी त्यानंच केल्या. आता तो एकोणसत्तर वर्षांचा होता. गुडघे गेले होते, आणि हातोडा खाली ठेवून चार वर्षं झाली होती.

नोव्हेंबरात सुनदोकचा फोन आला. सुनदोक म्हणजे खाणीत काम करणाऱ्या त्याच्या थोरल्या मित्राची, तेगुनची बायको. तेगुन जाऊन दोन वर्षं झाली होती.

"भावजी, तुम्ही केलेली जमीन मेली बघा," ती म्हणाली. "अर्धी खोली बर्फ. दोन मिस्त्री येऊन गेले. एकानं पंप बदलला, दुसऱ्यानं नळ्या धुतल्या. आता म्हणतात आतून चोंदल्यात, सगळा कोबा फोडा. महिनाभर घर सोडा."

"मग लेकीकडे, मीरानकडे जाऊन राहा की महिनाभर."

"तीही हेच म्हणते. तिकडं वोंजू शहरात तिनं खोली रिकामी करून ठेवलीय, पडदेसुद्धा लावलेत. महिन्यासाठी कुणी पडदे लावतं का?"

एकदा गेलेलं म्हातारं माणूस परत येत नाही, हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. अशी सात-आठ कुलपं मानसोकच्याच गल्लीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. दार उघडताच आंबवलेल्या सोयाबीनचा उग्र वास आला. चुलीला लागून असलेल्या भिंतीशी, जिथं तेगुन झोपायचा तिथं, जाड गोधडीखाली सोयाबीनची टोपली ऊब घेत होती. सुनदोकचं स्वतःचं अंथरूण यंदा तिथून हलून पलीकडे, खिडकीखाली आलं होतं.

"दाणे राजासारखे झोपलेत आणि तुम्ही थंडीत," तो म्हणाला.

"दाण्यांना मुलं नाहीत त्यांना हलवायला. तुम्ही जमीन बघा."

त्यानं मोजे काढले. टोपलीपासून खोलीच्या मध्यापर्यंत पायाला चांगली ऊब लागत होती. पुढे दोन पावलांत ती संपली. हळूहळू कमी झाली असती तर त्याला नवल वाटलं नसतं. इथं ती एका रेषेवर संपत होती.

स्वयंपाकघरातल्या कपाटात, जिथून नळ्या जमिनीत शिरतात, तिथं त्यानं जाणाऱ्या नळीला हात लावला. गरम. परत येणाऱ्या नळीला लावला. तीही गरम. नळी चोंदली असती तर पाणी रेंगाळलं असतं, थंड होऊन परतलं असतं. मग त्यानं जुनी वर्तमानपत्रं भिजवून जमिनीवर पसरली आणि वाट बघत बसला. सुनदोकनं बार्लीचा चहा दिला.

अर्ध्या तासानं चुलीकडच्या कागदांवर वाळलेले पट्टे उमटले, इतके जवळजवळ की कागद बोटभर अंतरानं आखल्यासारखा दिसत होता. खिडकीकडचे कागद ओलेच होते. एकही पट्टा नाही.

मानसोक त्या ओल्या कागदांकडे बघत राहिला. कप हातात निवला. त्याला सगळं आठवलं. चौतीस वर्षांपूर्वी घाटात बर्फ पडलं होतं आणि वोंजूहून नळीचं एकच वेटोळं आलं होतं. खाणीनं तेगुनची पाठ मोडली होती. तो म्हणाला होता, "माझ्या पाठीखाली दाट घाल." मानसोकनं दाट घातली. जुन्या पद्धतीनं चुलीची बाजू थोरल्यांची; खिडकीकडे तांदळाची पोती, पेट्या, सोयाबीनच्या वड्या. पोत्यांना ऊब कशाला? सगळेच असं करत. पण त्या दिवशी सुनदोक दारात उभी राहून म्हणाली होती, "खिडकीकडे घातली ना?" आणि तो म्हणाला होता, "घातली."

एक शब्द. त्यावर कोबा पडला आणि तो वाळला.

आता सोपा रस्ता होता. 'नळ्या म्हाताऱ्या झाल्या' म्हणायचं, की कुणी काही विचारलं नसतं. सुनदोक वोंजूला गेली असती आणि त्या जमिनीखाली काय आहे, काय नाही, हे कुणाला कळलंही नसतं.

"वहिनी," तो म्हणाला, "जमीन बिघडलेली नाही. इथं नळीच नाहीये. मी घातलीच नव्हती."

सुनदोकनं खिडकीकडे बघितलं. म्हणाली, "मला वाटायचं खिडकीतून वारा येतो. तीन वेळा खिडकी बदलली मी. प्रत्येक वेळी हे मला म्हणायचे, तुझं रक्तच थंड आहे."

"तेगुनदादाला ठाऊक नव्हतं."

"त्यांना स्वतःच्या पाठीपलीकडचं काय ठाऊक होतं?"

मानसोकला हसावं की नाही कळेना. "टोपली हलवा आणि तुम्ही तिकडं झोपा. काही फोडायला नको. दादाची जागा म्हणून जड जात असेल, पण..."

"जड कसली? बत्तीस वर्षं झोपले तिथं त्यांच्याशेजारी, भिंतीकडे तोंड करून. इथून डोंगर दिसतो. सकाळी आधी त्याच्या शेंड्यावर ऊन येतं, मग खाली उतरतं. हे मी एकोणऐंशीव्या वर्षी बघायला लागलेय. मी तिकडं जायची नाही, भावजी. वोंजूलाही नाही."

"मग एवढाच तुकडा फोडू. चार दिवसांचं काम, मग कोबा वाळेपर्यंत थांबायचं. तेवढे दिवस तुम्ही स्वयंपाकघरात झोपा."

"तुमच्या गुडघ्यांना जमेल?"

"नाही जमणार. तरी करीन."

त्यानं पुतण्याकडून कोबा फोडायचं यंत्र आणलं. बाकी सगळं स्वतः केलं. नवी नळी जुन्या नळीला जोडली नाही. तिच्यासाठी वेगळी वाट काढली, वेगळी चावी बसवली, म्हणजे सुनदोकला वाटेल तेव्हा फक्त तिची बाजू चालू करता येईल. सुनदोक उंबऱ्यावर बसून बघत होती. एकेक नळी दिसत होती तोवर ती मोजत होती. कोबा टाकायच्या आधी त्यानं विचारलं, "टाकू?" ती म्हणाली, "थांबा." उठून वाकली, हातानं नळ्या चाचपल्या, कोपऱ्यापर्यंत. मग म्हणाली, "आता टाका."

मीरान डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आली. आल्या आल्या म्हणाली, "काका, तुम्हीच हिला फूस लावलीत."

"मी लावली खरी. चौतीस वर्षांपूर्वी."

"म्हणजे?"

"तुझ्या आईला विचार."

आईनं काही सांगितलं नाही. मीरान कुरकुरत खिडकीपाशी गेली, उभी राहिली, मग बसली. कोट न काढताच तिनं जमिनीवर दोन्ही हात पसरले. थोड्या वेळानं ती आडवी झाली. ट्रकच्या पाळीवर जाणाऱ्या नवऱ्याबद्दल, परीक्षेला बसलेल्या मुलाबद्दल काहीबाही बोलत राहिली आणि बोलता बोलता तिला झोप लागली.

सुनदोक तिच्या डोक्याशी बसली होती. "ही जागा माझी आहे," ती हळूच मानसोकला म्हणाली, "हिला संध्याकाळी उठवावं लागेल."