आषाढातली सुरमई

रोज दुपारी एक वाजता बायकोचा फोन यायचा आणि मी रोज एक नवा पदार्थ रांधायचो. तोंडाने.

लेकीच्या बाळंतपणासाठी ती पनवेलला गेली त्याला चार महिने होत आले होते. निघताना मी छाती काढून म्हणालो होतो, "माझी काळजी नको, मी करून खाईन." पहिल्याच आठवड्यात शिट्टी न लावता कुकर चढवला आणि वरण छतावरून पुसून काढलं. तेव्हापासून मी मुरुडच्या एसटी स्टँडजवळ खाणावळीत जेवत होतो. तिथला वाढपी मला काही विचारायचा नाही, मीही त्याला काही सांगायचो नाही. दिवसभरात माझं तोंड उघडायचं ते एकच्या फोनला. एकदा उघडलं की मग आवरायचं नाही.

"काय केलंत आज?"

"सुरमईचं कालवण. अगदी ताजी मिळाली. कोकमं घातलीत, तुझ्यासारखीच."

ती हसायलाच लागली. "अहो, आषाढ चाललाय! होड्या सगळ्या वर ओढून ठेवल्यात. सुरमई काय एसटीनं आली?"

मी मूळचा तळा गावचा, भातशेतीतला. ती इथल्या किनाऱ्यावर वाढलेली. पण ही काही सबब नव्हे. शाकारलेल्या होड्या मला आमच्या खिडकीतूनच दिसतात. थाप मारताना नेमकी पाठ खिडकीकडे होती.

"खाणावळीत जेवता ना?"

"हो."

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "लेक म्हणतेय, दिवाळीपर्यंत राहा. तिची नोकरी सुरू होतेय. काय सांगू तिला?"

"राहा की! रिमोट माझ्या हातात आहे. असलं राज्य पुन्हा मिळायचं नाही."

"बरं, बसा राज्य करत," म्हणून तिनं फोन ठेवला.

रिमोट कुठे होता कोण जाणे. महिनाभर टीव्ही लावलाच नव्हता. दहा मिनिटं खुर्चीत बसलो आणि कधी नव्हे तो मीच फोन लावला.

"ऐक, तू ये. मला एकट्याला जेवण जात नाही."

फोन स्पीकरवर होता. लेक खो खो हसली. "आई, बाबांचं नाटक ऐक!" जावईही हसले. दोष त्यांचा नव्हता. बत्तीस वर्षांत मी घरात एक वाक्य धड सरळ बोललेलो नाही. हिला मागणी घालायला गेलो तेव्हाही सासऱ्यांना म्हणालो होतो, "मासळी फुकट मिळेल म्हणून आलोय." ते दोन दिवस विचार करत होते.

हसणं मागे राहिलं, दार लोटल्याचा आवाज आला. मग फक्त तिचा आवाज, अगदी जवळून. "खरं सांगा. चेष्टा नाही ना? म्हणालात तर उद्याच्या गाडीनं येते."

'ये' एवढंच म्हणायचं होतं. पण मागे बाळ रडायला लागलं, लेकीनं "आई" म्हणून हाक मारली.

"छे गं, चेष्टा केली," मी म्हणालो.

"वाटलंच मला," ती म्हणाली. पण फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. लेकीची दुसरी हाक आली तेव्हा म्हणाली, "जाते हं."

मी "जा" म्हणालो. त्यापुढे जोडायला मला एकही विनोद सुचला नाही.