फिटरकाकांचा अंगठा

लालबागच्या फिटरकाकांनी वीस-बावीस वर्षं गोल्फच्या काठ्या दुरुस्त केल्या, पण गोल्फ एकदाही पाहिला नाही. टीव्हीवरसुद्धा नाही. "बघून काय करू? चेंडू सरळ गेला तर खेळणाऱ्याचं नाव, वाकडा गेला तर हत्यार माझ्याकडे," असं म्हणायचे. गिरणी बंद पडल्यावर क्लबातल्या कुणा ओळखीच्याने एक सैल झालेली काठी आणून दिली. ती त्यांनी घट्ट करून दिली, आणि मग चाळीच्या गॅलरीत, दाराबाहेर बसवलेल्या व्हाइसच्या लोखंडी पकडीपाशी, हाच धंदा जमला.

मी ठाकूरद्वारचा. चाळिशीत, कंपनीच्या कृपेने क्लबात शिरलो आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांचा जुना आयर्नचा सेट, म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठ्या, पदरात पाडून घेतला. वर्षभर खेळ भराभर सुधारला. हँडिकॅप अठ्ठावीसचा अठरावर आला. हा आकडा जितका खाली तितका खेळाडू वर. आणि तिथे तो जो रुतला तो रुतलाच. क्लबात जो तो सांगायचा, सेट बदल. मला दुसरं काही सुचेना, रविवार दुकानाच्या काचेसमोर जायला लागले. पण घेण्याआधी फिटरकाकांना विचारायचं ठरवलं, कारण ओळखीत काठी विकत नसलेला तेवढा एकच माणूस होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझी सात नंबरची काठी घेतली आणि तिच्या तोंडावरून अंगठा फिरवला. डोळ्यांपेक्षा त्यांचा त्या अंगठ्यावर विश्वास. "हे बघ, चेंडू लागून लागून इथे घासलंय. हा डाग दांड्याच्या बाजूला आहे. मधे पायजे. मधे आला की नवीन घे."

"पण तो मधे येण्यासाठीच नवीन घ्यायचा ना, काका?"

"मी फिटर आहे रे, ज्योतिषी नाय."

पुढची दोन वर्षं मला एवढंच उत्तर मिळालं. कधी ग्रीप बदलायची, कधी दांडा हलतोय, काहीतरी निमित्त काढून मी जायचो. ते अंगठा फिरवायचे आणि मान हलवायचे. माझं डोकं फिरायचं. साधं हो किंवा नाही म्हणायला या माणसाचं काय जातं? एकदा काकी आतून म्हणाल्या, "एकदाचा हो म्हणा नि सोडा तेका." काकांनी ऐकलंच नाही. कामाच्या वेळी त्यांना बायकोचं ऐकू येत नसे.

दसऱ्याला मात्र गिऱ्हाइकांची सगळी हत्यारं ते गिरणीतल्यासारखी पुजायचे. हळद-कुंकू, झेंडू, सगळं यथासांग. नंतर क्लबात बॅग उघडली की पाकळ्या पडायच्या आणि माझ्याबरोबरचे लोक माझ्याकडे बघायचे. मला लाज वाटायची. त्या लाजेची आता लाज वाटते.

शेवटी ऑफिसच्या सामन्याआधी मी गुपचूप नवा सेट घेतला. काकांना सांगायचं धाडस झालं नाही. खेळायचो नव्याने, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून दाखवायला जुनाच न्यायचो. सामना हरलो, हे वेगळं सांगायला नको. चार महिने हे नाटक चाललं. एक दिवस त्यांनी अंगठा फिरवला, थांबले, आणि विचारलं, "खेळायचं सोडलंस?"

"छे, दर रविवारी असतो."

"मग डागावर गंज कसा धरला?"

ते रागावले नाहीत, हे जास्त लागलं. "नवीन घेतलास तर घेतलास. लपवतोस कशाला? घेऊन ये. बघू."

दुसऱ्या दिवशी नेला. नव्या सात नंबरवरून अंगठा फिरला आणि दांड्याच्या बाजूला थांबला. "जागा तीच," ते म्हणाले. मग जे त्यांनी दोन वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. मला खाली चौकात नेलं, मुलांचं क्रिकेट थांबवलं आणि म्हणाले, "चेंडू आहे असं समज आणि मार." मी मारून दाखवलं. दोनदा. ते बाजूला कमरेवर हात ठेवून उभे होते.

"एवढा चिकटून का उभा राहतोस रे? मागे सर. वीतभर."

एवढंच. क्लबातल्या शिकवणाऱ्याने मला बारा गोष्टी सांगितल्या होत्या, त्यात ही नव्हती. पुढच्या रविवारी चेंडू सरळ गेले. आनंद व्हायच्या ऐवजी माझा संताप झाला आणि तो घेऊन मी लालबागला गेलो. "दोन वर्षं नुसतं लोखंड बघत बसलात, काका."

"तू पण लोखंडच दाखवत होतास की." मग हात पुसत, "मी एकदा तुझ्या मैदानावर यायला पायजे होतं."

मी म्हटलं, येत्या रविवारी नेतो. त्या रविवारी सामना निघाला. पुढच्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्याला मला झोप आवरली नाही. तेवढ्यात चाळ नव्या बांधकामासाठी रिकामी करायची नोटीस लागली आणि त्यांची मुलगी दोघांना विरारला घेऊन गेली. व्हाइस भंगारात गेलं, असं काकींनी सांगितलं.

दिवाळीत फोन केला. काकांचा आवाज फार बारीक झाला होता. मी सांगितलं, हँडिकॅप चौदावर आला. त्यांना चौदा म्हणजे काय ते कळलं नाही, पण माझ्या आवाजावरून काहीतरी कळलं असावं.

"कुठल्या हत्याराने खेळतोस? जुन्या की नव्या?"

जुना सेट मी केव्हाच क्लबातल्या एका शिकाऊला देऊन टाकला होता.

"जुन्याच," मी म्हटलं.

"वा. डाग मधे आला?"

"आला, काका."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पलीकडे काकींना मोठ्याने सांगितल्याचं मला ऐकू आलं, "जुन्यावरच खेळतो गो. मी म्हटलेलंय तुका."

संक्रांतीच्या सुमारास ते गेले. अंगठ्याखाली माझं खोटं चार महिन्यांत सापडलं होतं. फोनवर त्यांच्या हातात माझ्या शब्दाशिवाय काही नव्हतं, आणि तो त्यांनी खरा धरला.